चौथ्या गाण्यातले चौदा सेकंद

एखादं गाणं तुम्ही फक्त चौदा सेकंद, पण दिवसातून चारशे वेळा, आठवड्याचे सहा दिवस ऐकलं आहे का? नसेल ऐकलं, तर कान म्हणजे काय आणि काम म्हणजे काय यावर माझ्याशी वाद घालायला जरा सबुरीनं या. मी ऐकलं आहे, अकरा महिने. चाकणच्या पट्ट्यातली आमची कंपनी मोटारींच्या दरवाज्यांची आतली पॅनेलं बनवायची आणि त्यांत स्पीकर बसवून पुढे पाठवायची. गाडीत गाणं लावल्यावर दरवाजा खुळखुळतो अशी तक्रार येऊ नये म्हणून प्रत्येक पॅनेल बाहेर पडण्याआधी वाजवून बघायचं. त्यासाठी शेडच्या कोपऱ्यात आतून स्पंज लावलेल्या चार खोल्या होत्या, मोठ्या कपाटाएवढ्या. आत एक बाई, एक स्टँड, एक बटण. पॅनेल स्टँडवर चढवायचं, वायर जोडायची, बटण दाबायचं. डाव्या हाताचा पंजा पॅनेलवर आणि उजवा कान स्पीकरपासून वीतभर. चौदा सेकंद कुठल्यातरी परदेशी बँडचा धडाका. मग हिरवा स्टिकर नाहीतर लाल. मग पुढचं पॅनेल.

पस्तिशी न गाठलेल्या बाईनं आठवणी कशाला लिहायच्या, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे शिफ्टवर वय लवकर जातं. लाइनवर तिशीच्या बाईला 'मावशी' म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. माझ्यापुरतं म्हणाल, तर त्या अकरा महिन्यांनंतर मी म्हातारीच झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

ते चौदा सेकंद असे होते. आधी कुणीतरी लाकडी पेटीवर थपडा मारल्यासारखं, ठाक-ढुम, ठाक-ढुम. ही एका उभ्या, मोठ्या वाद्याची जाडी तार आहे, ती बोटानं ओढून लाकडावर आपटतात, हे मला खूप नंतर कळलं. मग गिटार, पत्र्यावरून बांगडी घरंगळत जावी तशी. मग सॅक्सोफोन, जाडा, घोगरा, जेवून उठलेल्या माणसासारखा. आणि चौदाव्या सेकंदाला एका बाईनं गाण्यासाठी आत घेतलेला श्वास. बस. श्वास आत गेला की आवाज बंद. पुढे ती काय गायची ते ठाऊक नाही. दिवसातून चारशे वेळा ती बाई तोंड उघडायची आणि चारशे वेळा आम्ही तिचं तोंड दाबायचो.

मला तो बँड आवडायचा नाही, कारण मला असलं काही आवडून घ्यायचं नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील लातूरकडून भोसरीत आले, प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्याला आकार देणारी मोठी यंत्रं दिवसभर धाडधाड खाली येतात, तिथे ते बावीस वर्षं उभे राहिले. त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. काम सुटल्यावर आम्ही कुरुळीत दोन खोल्या घेतल्या आणि बाबा एका कामगार मंडळासाठी पूर्णवेळ पत्रकं लिहायला लागले. घरात पलंगाखाली, माळ्यावर, शिवणयंत्राच्या खणात गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदांचे गठ्ठे असायचे. मी बाराखडी त्यांवरच गिरवली. 'निषेध', 'तत्काळ' आणि 'जाहीर' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायला लागले. नावही त्यांनी समता ठेवलं, त्यामुळे पुढे लाइनवर बायका म्हणायच्या, "आली बाई समता, आता सगळ्यांना सारखं काम."

आई कंत्राटी पोरांसाठी खानावळ चालवायची. सकाळी साडेचारपासून स्टोव्हचा भर्रर्र आवाज, मग धपाट्यांचा खरपूस वास, जवसाची चटणी कुटायचा ठोका. गरम धपाटी पसरायला ती बाबांचे उरलेले गठ्ठे वापरायची आणि शाई धपाट्याच्या पाठीवर उमटायची. एकदा एका पोरानं तक्रार केली, तर म्हणाली, "खा की मुकाट. कामगारांची एकजूट पोटातून तरी होऊ दे." बाबांना ऐकू येत नसल्यामुळे घरातली सगळी बोलणी ओरडून व्हायची. मीठ मागायचं तरी ओरडून. शेजाऱ्यांना वाटायचं आमच्याकडे रोज भांडणं. मी नोकरीला लागल्यावर, दिवसभर त्या कपाटात कान लावून घरी आले की, ते प्रेमानं विचारलेलं "जेवलीस का गं?" डोक्यात खिळ्यासारखं शिरायचं. मी पायरीवर जाऊन बसायची. डोक्यात बारीक शिटी वाजत असायची. जेवताना वाजायची, कपडे धुताना वाजायची.

आमच्या चार खोल्यांत सगळ्यात तयार कान शोभाताईंचा. राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातल्या, चाळिशीकडे झुकलेल्या, ठसठशीत कुंकू, तोंड सतत चालू. सात वर्षं कंत्राटावर. पॅनेल वाजायला लागल्यावर पाचव्या सेकंदालाच त्यांचा हात लाल स्टिकरकडे जायचा. बिघाडांना त्यांनी नावं दिली होती आणि ती सगळ्या शेडनं उचलली. स्क्रू सुटा असेल तर 'वाटाणा'. क्लिप घासत असेल तर 'उंदीर'. प्लॅस्टिक कडेनं फुटत आलं असेल तर 'पापड'. इंजिनियरसुद्धा रिपोर्टात इंग्रजी लिहायचे आणि तोंडानं म्हणायचे, "शोभाताई, आज उंदीर किती?"

मी लागले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "समते, तू कानानं ऐकतीस. कानानं न्हाई ऐकायचं."

"मग कशानं?"

"हातानं ऐकायचं आन् कानानं खात्री करायची. गानं कसं हाय त्ये बघू नगं. गान्यात न्हाई त्ये हुडीक."

आता ही जी शोभाताई, तिच्यासाठी त्या वर्षी एक मोठी गोष्ट घडायच्या बेतात होती. कंपनीत आवाज तपासणीची एक कायम जागा निघणार होती. तोपर्यंत अशा जागेवर डिप्लोमावाली मुलंच घ्यायचे. पण आमचे क्वालिटीचे केदार सर हट्टाला पेटले होते, की डिप्लोमा गेला खड्ड्यात, हा कान मला कायम पाहिजे. दिवाळीनंतर वरच्या साहेबांसमोर शोभाताईंची परीक्षा होणार होती. वीस पॅनेलं, त्यांतली बिघडलेली ओळखायची. पास झाल्या, तर कंत्राटाचा निळा एप्रन जाऊन कायमवाल्यांचा राखाडी शर्ट. शोभाताईंनी राखाडीवर शोभेल अशी ओढणीसुद्धा पिंपरीच्या बाजारातून आणून ठेवली होती, आणि शर्टावर ओढणी घेतात का, हे विचारायला त्या मला तीनदा बाजूला घेऊन गेल्या होत्या.

केदार सर प्राधिकरणातले. आई शिक्षिका, वडील बँकेत. केसांचा कपाळावर कोंबडा काढलेला, त्याला रोज कसलंसं तेल. बायका त्यांना मागं 'तुरेवाले' म्हणायच्या. एके दिवशी चहाच्या सुट्टीत शोभाताईंनी त्यांना थेट धरलं.

"सर, त्या बाईला एकदा गाऊ द्या की ओ."

"कुठल्या बाईला?"

"ती नव्हं का, रोज तोंड उघडती आन् तुमी बंद करता."

सरांना आधी कळेना. कळल्यावर ते इतके हसले की चहा शर्टावर सांडला. मग त्यांनी सांगितलं की आधी इथे नुसती यंत्राची शिटी वाजवून तपासायचे, पण बायकांचे कान त्यानं बधिर व्हायचे आणि चुका निसटायच्या. खोल ठोका आणि बारीक टकटक, दोन्ही एकदम असलेलं काहीतरी हवं होतं. तेव्हा त्यांनी स्वतःच्या आवडीच्या अल्बममधला तुकडा कापून घातला. चौथ्या गाण्याच्या मधला. आम्हाला इतके महिने वाटत होतं की ती गाण्याची सुरुवात आहे.

"म्हणजे जुनी गाणी आहेत का ही?" मी तुसडेपणानं विचारलं.

"ढंग जुना आहे. शेतात आणि गिरण्यांत राबणाऱ्या काळ्या-गोऱ्या लोकांचं गाणं आहे मूळचं. पण हा बँड आत्ताचा आहे. माझ्याच वयाचे असतील. अजून गावोगाव वाजवतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सीडीच आणून दिली. आमच्या घरी ती लावायला काही नव्हतं, म्हणून मी चाकणच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्डावर भरून घेतली. दुकानदार म्हणाला, "यात नाचायचं काही आहे का? नाहीतर दोन चांगली टाकून देतो." मी नको म्हणाले. पण खरं सांगते, गाण्यांच्या आधी मला धरलं ते सीडीच्या डबीतल्या घडीच्या कागदानं. मला कागद दिसला की आधी कागद वाचायची सवय. पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत मी तो वाचला, शब्दकोश घेऊन, दोन दिवस. त्यात लिहिलं होतं की सगळी गाणी एका खोलीत, सगळ्यांनी एकत्र उभं राहून, चार दिवसांत वाजवली आहेत. कुणाची चूक कापली नाही. आभार मानले होते एका ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपचे, कारण ती जाडी तार ओढणारा माणूस तिथे नोकरी करायचा आणि त्याला चार दिवस सुट्टी दिली होती. गाणारी बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मी तो कागद आईला वाचून दाखवला. आई धपाटं उलटत म्हणाली, "बघ. तीपण खानावळवालीच की."

मग आम्ही ऐकलं. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. कंपनीची बस कुरुळीला मला सोडून पुढे राजगुरुनगरकडे जायची. त्या दिवशी मी कुरुळीला उतरलेच नाही. खिडकीजवळच्या सीटवर शोभाताई आणि मी, इयरफोनची एक गोळी त्यांच्या डाव्या कानात, एक माझ्या उजव्या. बाहेर कंटेनरांची रांग, धूळ, ऊन. पहिली तीन गाणी आम्ही शिस्तीत ऐकली, उगाच पुढे न ढकलता. पहिलं पळतं, भांडी वाजवत जिना उतरल्यासारखं. दुसऱ्यात तो सॅक्सोफोन रडतो की काय असं वाटेपर्यंत खाली जातो आणि मग खो खो हसतो. तिसऱ्यात नुसते ठोके आणि पुरुषांचं आरडणं, एकमेकांना हाका मारल्यासारखं. मग चौथं. आमचे चौदा सेकंद जवळ आले तसा शोभाताईंनी माझा हात धरला. ठाक-ढुम, ठाक-ढुम. श्वास. आणि सगळी वाद्यं थांबली. एकदम. ती बाई एकटीच गायला लागली, हळू, थकलेल्या आवाजात, जिना चढून आल्यावर दारात उभं राहून बोलावं तशी. चार ओळी. मग कुठे मागून ते ठोके परत आले, तिच्या पाठीवर हात ठेवावा तसे.

राजगुरुनगरला उतरताना शोभाताई म्हणाल्या, "एवढं चांगलं कापून ठिवलं व्हतं व्हय ह्यांनी."

दोन महिने आम्ही तो अल्बम असा ऐकला, एका फेरीला चार-पाच गाणी. काही शब्द मी शोधून सांगायची, बाकीचे शोभाताई स्वतः ठरवायच्या. सातव्या गाण्यात ती नवऱ्याला घराबाहेर काढते असं त्यांचं ठाम मत होतं. ते खरं निघालं. माझ्यापुरती मोठी गोष्ट ही, की आयुष्यात पहिल्यांदा मला असं काही सापडलं होतं ज्यात मागणी नव्हती. ते लोक दमलेले आहेत एवढं कळायचं. त्याबद्दल ते कुणाचा निषेध करत नव्हते. दमलेलेच उभं राहून वाजवत होते. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना ऐकवता येणार नव्हतं, आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, कंपनीनं तुझा कान घेतला, आता मन घ्यायला निघाली.

कान मात्र खरंच चालला होता. माझी शिटी थांबेना. चौथ्या खोलीतल्या मुलीला एका बाजूनं फोन ऐकू येईना. शोभाताई सुट्टीनंतर दोन तास कान झाकून बसायच्या. त्यांना भीती होती, दिवाळीपर्यंत हा कान टिकेल का. आम्ही सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "गाणी ऐकायचा पगार मिळतो तुम्हाला, अजून काय पाहिजे?" त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. मला बाबांचे कान दिसले, आमच्या घरात ओरडून मागितलेलं मीठ दिसलं. घरी येऊन मी गुलाबी कागद पुढे ओढला.

लिहिण्याआधी बसमध्ये मी शोभाताईंना विचारलं होतं, आपल्याला काय पाहिजे. त्यांनी विचार करून सांगितलं, "दर दोन तासाला दुसरं काम द्या. मंग परत आत घ्या. आन् कान तपासा वर्सातनं दोनदा. काम वंगाळ न्हाई, समते. येळ वंगाळ हाय." हे शब्द मी ऐकले. मान डोलावली. आणि घरी जाऊन बाबांनी शिकवल्याप्रमाणे लिहिलं. बाबांचा नियम असा होता, की पत्रकात तीन गोष्टी: काय झालं, कुणी केलं, काय पाहिजे. आणि मागणी एका ओळीत. "मालकाला हो म्हणता यावं, नाहीतर नाही. तिसरं तोंडच उघडता येऊ नये," ते म्हणायचे. दोन तासांची पाळी, मग दुसरं काम, मग परत, वर्षातून दोनदा तपासणी, हे काही एका ओळीत बसेना. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा लेचंपेचं वाटलं. बाबा मागून वाचत होते. "हे काय लिहायलीस? अर्ज आहे का हा?" मग मी लिहिलं: 'माणसांच्या कानांवर होणारी ही तपासणी तत्काळ बंद करा.' बाबांनी पाठीवर थाप मारली. त्या थापेच्या जोरावर मी वरचा मजकूरही पेटवला. ज्या गाण्यासाठी मी माझा स्टॉप सोडून पुढे जायची, त्याला मी 'कानात ओतला जाणारा राक्षसी परदेशी गोंगाट' असं लिहिलं. हे लिहिताना हात अडखळला होता. पण वाक्य चांगलं होतं. चांगल्या वाक्यापायी माणूस काय काय करतो, हे मला आज विचारा.

पत्रक दोन दिवस गेटवर वाटलं गेलं. बाबांचं मंडळ कर्ण्यासकट हजर. बाबा नेहमीसारखे गरजेपेक्षा तिप्पट मोठ्यानं बोलले. शोभाताईंनी पत्रक बसमध्ये वाचलं, बोट ओळीवरून फिरवत. गोंगाटाच्या ओळीवर बोट थांबलं. "ह्ये तू लिवलंस?" मी म्हणाले, लढ्यात असं लिहावं लागतं. त्यांनी घडी घालून पत्रक पर्समध्ये ठेवलं आणि इयरफोनची गोळी माझ्याकडे परत दिली. "आज डोकं दुकतंय," म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात कंपनी हो म्हणाली.

कुणी वाद घातला नाही. कुणाला कामावरून काढलं नाही, धमकी नाही, चर्चा नाही. नोटीस बोर्डावर एक स्वच्छ टाइप केलेला कागद लागला. त्यात लिहिलं होतं की कामगारांच्या मागणीचा आदर करून माणसांच्या कानांवर होणारी तपासणी तत्काळ बंद करण्यात येत आहे. माझी ओळ, जशीच्या तशी. फक्त शेवटचं क्रियापद बदललेलं. पुढच्या सोमवारी चार खोल्यांत चार मायक्रोफोन आले, काळे, आईच्या लाटण्याएवढे. स्टँडवर पॅनेल आपोआप चढायचं, तुकडा वाजायचा, पडद्यावर रेघ उमटायची. मला आणि दोघींना पॅकिंगला टाकलं. चौघींत कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं ते एकटीचं, शोभाताईंचं. ते पुढे वाढलं नाही. आणि जी जागा निघणार होती ती निघाली नाही, कारण तपासायला माणूसच लागणार नव्हता.

मी केदार सरांकडे धावले. ते त्यांच्या टेबलाशी उभे होते, हातात शोभाताईंच्या परीक्षेसाठी बाजूला काढलेल्या वीस पॅनेलांची यादी.

"सर, हा सूड आहे."

"सूड नाही गं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मायक्रोफोनचा प्रस्ताव वर्षभर पडून होता. कामगार ओरडतील म्हणून कुणी सही करत नव्हतं. तू लिहून दिलंस. दोन तासांच्या पाळीसाठी मी वर अर्ज ठेवला होता, तोपण बाजूला पडला. 'बंद करा' म्हणालात, त्यांनी बंद केलं. आता मी काय बोलू?"

त्या आठवड्यात मी राजगुरुनगरच्या पलीकडे शोभाताईंच्या घरी गेले. त्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. चहा केला, साखर जास्त घातली, माझी सवय त्यांना ठाऊक होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"थांब. आधी मला सांग. मी तुला काय सांगितलं व्हतं?"

"दोन तासांची पाळी."

"आन् तू काय लिवलंस?"

मी चहाची कपबशी खाली ठेवली.

"मी अडानी न्हाई, समते. मला ठावं हाय, कान जातो. तुज्या बापाचा गेला, त्ये बी ठावं हाय. पन तुज्या बापाला त्याच्या कामाचा राग व्हता. मला न्हवता. ह्याच्या आदी मी लोकांची भांडी घासल्यागत कामं केली, आन् ह्ये एक काम असं गावलं की साहेब माज्या तोंडाकडं बघायचा. तू माजा कान वाचवलास. आता ह्यो वाचलेला कान घिऊन मी शेंगा फोडती."

शेंगेचा कटकट आवाज चालू राहिला. मी विचारलं, गाणी देऊ का, कार्ड आणलंय. त्या म्हणाल्या, "नगं. गोंगाट हाय म्हनं त्यो." त्या हसल्यासुद्धा, आणि ते जास्त लागलं.

मी कंपनीला निर्दोष म्हणत नाही, हे ठळक लिहून ठेवते. बाईला आठ आठ तास कपाटात कोंडणारे तेच होते आणि तिची गरज संपली म्हणून तिला बाहेर काढणारेही तेच. त्यांच्यावर मी अजून लिहिते, लिहीत राहीन. पण त्यांनी जे केलं ते ते करणारच होते. मी जे केलं ते मी टाळू शकत होते. एका बाईनं चार-पाच वाक्यांत स्पष्ट सांगितलेलं मी एका वाक्यात बसवलं, कारण मला वाक्याची घाई होती. बाबांना हे पुढे एकदा समजावून सांगितलं, ओरडून, दोनदा. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही एवढी वर्षं लिहिलं त्यात किती जणांना विचारलं होतं?"

अल्बम अजून माझ्याकडे आहे. फार थकवा आला की लावते, दहाची दहा गाणी, क्रमानं. तो बँड अजून वाजवतो. गाणारी बाई आता जाड झाली आहे आणि आवाज आणखी घोगरा. कानातली शिटी मधेमधे असतेच, सुरात नसते.

हे प्रकरण छापायच्या आधी मी ते घेऊन शोभाताईंकडे गेले आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. ओढणीचं लिहू नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, असू दे. शेवटी मी विचारलं, ह्यात मागणी काय घालू? यावेळी मी वही उघडली आणि त्या बोलल्या तसं उतरवून घेतलं. एका ओळीत बसत नाही, तर न बसो.

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी कामाला असाल, जिथे पंखा, मोटर, गिअर, दरवाजा, काहीही आवाजावरून पारखतात, तर शोभाताईंना बोलवा. निरोप प्रकाशकांकडे ठेवा, मी पोचवते. त्यांचा कान अजून शाबूत आहे. त्यांना काम हवं आहे, रोज चार तास. दर दोन तासांनी बाहेर येऊन बसायला जागा द्या, वर्षातून दोनदा कान तपासून घ्या. आधी वीस नग समोर ठेवून त्यांची परीक्षा घ्या, ती त्यांना द्यायचीच आहे. आणि त्या एखाद्या नगाला खराब म्हणाल्या, तर यंत्राला विचारायला जाऊ नका.